हॅलोवर चालणारं मशीन

इको वेगळा आणि घुमारा वेगळा, हे मी या शहराला तीस वर्षं सांगत आलो. शहरानं ऐकलं नाही. क्रांती चौकाजवळ पाच पायऱ्या उतरून खाली गेलं की माझं दुकान होतं, आणि त्या पायऱ्या उतरणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन यायचा, "इको बिघडला." गिटारचा आवाज बदलणारा पायाखालचा पेडल बंद असो, ॲम्प गुरगुरत असो, नाहीतर साउंडच्या मिक्सरमध्ये झुरळ मरून पडलेलं असो, बिघडलेला असायचा इकोच. शेवटी मी वाद घालणं सोडलं आणि पाटीवरच रंगवून घेतलं, 'सर्व प्रकारचे इको दुरुस्त करून मिळतील.' ती पाटी मी गेल्या वर्षी उतरवली.

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, विक्षिप्त गिऱ्हाइकांचे किस्से लिहा, दिवाळीत लोकांना हसू येऊ द्या. विक्षिप्त गिऱ्हाइकं भरपूर होती, त्यांतली तीन देतो. पण त्या दुकानात सगळ्यांत वाईट वागलेला माणूस गिऱ्हाईक नव्हता. तो काउंटरच्या आतल्या बाजूला बसायचा. त्याच्याबद्दलही लिहिणार आहे. छापायचं की नाही ते बाईंनी ठरवावं.

आधी धंदा समजावून सांगतो. इलेक्ट्रिक गिटार तुम्ही लांबून पाहिली असेल. ती भरीव लाकडाची असते. साध्या गिटारला पोट असतं, तारेचा आवाज त्या पोटात फिरून बाहेर पडतो. हिला पोटच नाही. तार छेडली की कोरडा ठक्क आवाज निघतो आणि तिथंच मरतो. म्हणून हिच्या आवाजाला जागा बाहेरून द्यावी लागते. ती जागा दोन प्रकारची असते. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारा. हाक थोड्या वेळानं परत येते, ओळखू येईल अशी, शब्दासकट. तो इको. आताची मुलं त्याला डिले म्हणतात. आता चिकलठाण्याला एखाद्या नव्या इमारतीत रिकामा फ्लॅट बघायला जा आणि हॉलमध्ये टाळी वाजवा. टाळी परत येत नाही, ती खोलीतच रेंगाळते आणि हळूहळू विरते. तो घुमारा, म्हणजे रिव्हर्ब. सोफा आणि पडदे आले की तो जातो. माझं आयुष्य या विहिरीत आणि त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये गेलं.

विहीर पेटीत कशी बसवायची? जुन्या काळी टेपवर. कॅसेटमध्ये असते तीच टेप दोनेक वीत कापायची, तिची दोन टोकं जोडून गोल करायचा आणि तो गोल मोटरवर फिरत ठेवायचा. वाटेत तीन हेडं. पहिलं पुसतं, दुसरं लिहितं, तिसरं वाचतं. गिटारचा सूर दुसऱ्या हेडवर लिहिला जातो, टेप पुढं सरकते, तिसरं हेड तोच सूर क्षणभरानं वाचून दाखवतं. तोवर टेप फिरून पुन्हा पहिल्या हेडपाशी येते आणि कोरी होऊन पुढं जाते. बाहेरून तीन खुंट्या असतात, किती वेळानं, किती वेळा आणि किती मोठ्यानं. घुमाऱ्यासाठी वेगळी पेटी. तिच्यात दोन-तीन लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात आणि आवाज त्यांच्यातून थरथरत जातो. पुढं हे सगळं चिपमध्ये गेलं आणि आता फोनमध्ये गेलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चिप पुसट होत नाही आणि तिला डोळ्यांत तेल घालून सांभाळावं लागत नाही.

आता गिऱ्हाइकं.

बशीरभाई कव्वालीच्या पार्टीत बेंजो वाजवायचे. अख्ख्या शहरात इको आणि घुमारा यांतला फरक कळणारा तो एकच माणूस होता, आणि त्यांचं माप त्यांचं स्वतःचं होतं. "दत्तूमियाँ, आज आवाज कू आधा मकबरा देव," म्हणायचे. मकबऱ्याच्या घुमटाखाली उभं राहिल्यावर आवाज जेवढा रेंगाळतो तो पूर्ण मकबरा. एकदा मी चुकून जास्त ठेवला, तर दुसऱ्या दिवशी येऊन गुरगुरले, "पूरा मकबरा दे डाले तुम. लोगां कू लफ्जां समझेच नै." त्यांच्या पेटीवर मी खुंटीभोवती रंगानं पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून दिल्या. त्या पेटीचा मला आजही अभिमान आहे.

दुसरे एक हौशी नाटकवाले. घुमाऱ्याच्या स्प्रिंगा त्यांच्या ॲम्पच्या आतच होत्या, आणि तो दर पावसाळ्यानंतर, म्हणजे स्पर्धेच्या दिवसांत, स्प्रिंगा तुटून यायचा. मला काही उमजेना. शेवटी मी तालमीला जाऊन बसलो. दुसऱ्या अंकात वीज कडाडते असं नाटकात होतं, आणि त्यासाठी एक धिप्पाड माणूस ॲम्पला कचकन लाथ घालत होता. स्प्रिंगा हादरल्या की गडगडाट होतो, हे खरंच आहे. त्यांचे दिग्दर्शक मला म्हणाले, "वीज लई भारी पडती हो, पण तुमचं मशीन नाजूक." मी पेटीच्या मागं रबराचा तुकडा लावून दिला आणि लाथ इथंच मारावी अशी खूण केली.

तिसरा हल्लीचा. एका कंपनीतला तरुण इंजिनिअर परदेशी डिले पेडल घेऊन आला. काड्यापेटीएवढा, सुंदर निळा आणि पूर्ण मेलेला. अडॅप्टर कुठला लावला विचारलं, तर म्हणे पप्पांच्या बीपी मोजायच्या मशीनचा. घरातल्या जवळपास सगळ्या वस्तूंच्या पिनेत मध्ये प्लस असतो, गिटारच्या पेडलला मध्ये मायनस लागतो. उलटी वीज गेली की पेडल एका क्षणात जळतो. इतकं शिकलेला मुलगा, पण पिनेच्या बाजूचं ते बारीक चित्र त्यानं पाहिलं नव्हतं. मी त्याला सुनावलं भरपूर. दुसऱ्याची चूक दाखवायला माझी जीभ नेहमीच मोकळी होती.

दुरुस्तीनंतरची माझी एक पद्धत होती. मशीन गिऱ्हाइकाच्याच तोंडानं तपासायचं. गिटारवर तपासलं तर चूक लपते, सुरांच्या गर्दीत अर्धवट परत आलेला सूर कळत नाही. शब्दावर लपत नाही. शब्द तुटला, घोगरा झाला, उशिरा आला, लगेच कळतं. म्हणून माईक त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, बोला. काय बोलायचं ते मी कधी सांगत नसे. ज्याच्या तोंडी जे असेल ते यायचं. बशीरभाई बिस्मिल्ला म्हणायचे. भजनी मंडळाचे बुवा रामकृष्णहरी म्हणायचे. चर्चमधला गिटारवाला हालेलूया म्हणायचा, आणि मशीन लूया, लूया, लूया करत राहिलं की स्वतःच हसायचा. बाकीचे सगळे, हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग.

मिलिंद जय भीम म्हणायचा.

मिलिंद आणि मी आयटीआयला एका बाकावर होतो. मी पैठणकडच्या शेतकरी मराठा घरातला, तो शहरातल्याच बौद्ध वस्तीतला. पुढं त्याला वाळूजला कारखान्यात नोकरी लागली आणि तो बजाजनगरात राहायला गेला. फर्स्ट शिफ्ट करायचा आणि संध्याकाळी भीमगीतांच्या पार्टीत लीड गिटार वाजवायचा. गिटार त्याची साधीच होती, पण बोटं वेगळीच होती. त्याला इको हवा होता आणि परदेशी मशीन आम्हा दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग मी स्वतः बनवायला घेतलं. मोडक्या टेपरेकॉर्डरची हेडं, एका पंख्यातलं बेअरिंग, तळाला प्लायवूड. चार महिने गेले. मोटर एका चालीनं फिरेना, सूर लाटेसारखा वरखाली व्हायचा. मिलिंद शिफ्ट सुटली की रोज यायचा आणि शेजारी बसून टेपचे गोल कापून द्यायचा. जोड असा तिरपा कापायचा की हेडवरून जाताना टिक्कसुद्धा वाजू नये. ते काम मला त्याच्याइतकं कधी जमलं नाही.

ज्या दिवशी ते चाललं, त्या दिवशी मी माईक त्याच्यापुढं धरला. तो खाकरला आणि म्हणाला, "जय भीम."

मशीन म्हणालं, भीम... भीम... भीम...

"बघ दत्तू," तो म्हणाला, "मशीन माझ्या बाजूचं निघालं."

"बनवलंय मी," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतो. तुझंबी काय खरं नाय आता."

आम्ही पोट धरून हसलो. मशीनच्या तळाला, आतल्या प्लायवूडवर, मी सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं दोघांची नावं कोरली, दत्तू-मिलिंद. पुढं पाच-सहा वर्षं तो दर दोन-तीन महिन्यांनी मशीन घेऊन यायचा. पट्टा बदल, हेड पूस, टेप बदल. आणि दर वेळी तोच शब्द, तीनदा परत. शेजारच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं. तिकडून तो ओरडायचा, "झालं का रिपेर?"

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. गणपती तोंडावर आले होते. त्या दुपारी दुकानात एका मंडळाचे चार जण बसले होते. दहा दिवसांचा सगळा साउंड मला देण्याचं बोलणं चाललं होतं. तोवर मी नुसता दुरुस्तीवाला होतो, हे काम मिळालं असतं तर माझी मजल पुढं गेली असती. चौघंही आमच्याच भागातले, आमच्याच भावकीच्या ओळखीतले. दुकानाची जागा माझ्या मामांची होती, तेही खुर्ची टाकून बसले होते. बोलणं जुळत आलं होतं, तेवढ्यात मिलिंद पायऱ्या उतरून आला. अंगावर कारखान्याचा युनिफॉर्म, पाठीला गिटार. त्याचं मशीन तयार होतं, पट्टा नवा घातला होता. त्यानं नेहमीसारखं मशीन सुरू केलं आणि माईक उचलला.

मी म्हणालो, "मिलिंद, आज हॅलो म्हण."

त्याला कळलं नाही. "काय?"

"हॅलो म्हण रे. नुसतं तपासायचंय."

शहरातलं वातावरण तेव्हा कसं होतं, मामांचा स्वभाव कसा होता, पोटाचा प्रश्न कसा होता, हे सगळं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच आहे, की त्या खोलीत कोणीही काहीही म्हणालं नव्हतं. चौघांपैकी एकाच्याही कपाळाला आठी पडली नव्हती. कोणी काही म्हणेल म्हणून मीच आधी घाबरलो. बिस्मिल्ला चालत होतं, रामकृष्णहरी चालत होतं, हालेलूया चालत होतं. ज्याच्या हातानं त्या मशीनची टेप कापली, त्यालाच मी शब्द बदलायला सांगितला.

मिलिंदनं त्या चौघांकडं पाहिलं. मामांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि माईक तोंडाजवळ नेला.

"हॅलो."

लो... लो... लो...

"साफ येतंय," तो म्हणाला. मशीन कापडात गुंडाळलं, नेहमीसारखं नीट, वायरीची घडी घालून, आणि पायऱ्या चढून गेला.

तो गेल्यावर चौघांतला एक म्हणाला, "मिलिंद व्हय ते? लई भारी वाजवतो. माझ्या भावाच्या हळदीला त्यानंच वाजवलं होतं. बसवून घ्यायचं ना त्याला."

काम मला मिळालं नाही. मंडळानं बाहेरच्या पार्टीला दिलं, तिच्याकडं मोठे भोंगे होते. ते मिळालं असतं तरी या लेखात काही फरक पडला नसता, पण मिळालं नाही हेही नोंदवून ठेवतो.

मिलिंद पुन्हा दुकानात आला नाही. बशीरभाईंनी एकदा विचारलं, "वो भीमवाला छोकरा नै दिखता?" मी म्हणालो, शिफ्ट बदलली त्याची. बशीरभाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि पाव मकबऱ्यावर खुंटी ठेवून निघून गेले. चहावाल्यानं ओरडणं कधी बंद केलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

वर्षभरानं मी बजाजनगरला त्याच्या घरी गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो, वाक्यही तयार होतं. त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "या. बसा."

बसा. ज्यानं मला आयटीआयच्या पहिल्या दिवसापासून अरे दत्तू म्हटलं होतं, त्यानं मला बसा म्हटलं. बायकोला म्हणाला, "पाहुण्यांना चहा ठेव." मुलगी तेव्हा पाचेक वर्षांची, दाराच्या फटीतून बघत होती. मी चहा घेतला. हवापाण्याचं बोललो. मशीन कसं आहे विचारलं, तर म्हणाला, "चांगलं चाललंय. काही तक्रार नाय." तयार केलेलं वाक्य मी तसंच परत घेऊन आलो. भांडला असता तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर मी तिथंच रडलो असतो आणि सगळं निभावलं असतं. त्यानं मला मान दिला.

त्यानंतर मी दुकान चालवलं, लग्न, मुलं, सगळं झालं. मिलिंदच्या पार्टीचं नाव भिंतींवरच्या पोस्टरांत दिसायचं. कधी रस्त्यानं जाताना लांबून त्याची गिटार ऐकू यायची आणि तो इको माझ्या हातचा आहे हे मला लगेच कळायचं. चिपचे पेडल आले, स्वस्त झाले, तरी तो आमचंच मशीन वापरत राहिला. टेप कुठून आणायचा, पट्टा कोणाकडून घालून घ्यायचा, मला माहीत नाही. सरळ निघून जायचो, थांबायचो नाही. दोन वर्षांमागं तो हार्टॲटॅकनं गेल्याचं आयटीआयच्या ग्रुपवर कळलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं. अंत्ययात्रेला गेलो नाही.

गेल्या वर्षी, त्याला वर्ष होत आलं होतं तेव्हा, तिशीला टेकलेली एक बाई पायऱ्या उतरून खाली आली. हातात कापडात गुंडाळलेली पेटी. कापड मी ओळखलं.

"तुम्हीच दत्तूकाका ना?" ती म्हणाली. "मी प्रज्ञा. मिलिंदची मुलगी. मशीनच्या आत तुमचं नाव दिसलं, दुकान पप्पांच्या पार्टीतल्या लोकांनी सांगितलं."

मी बस म्हणालो. ती बसली. जुनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते म्हणाली. वडिलांच्या स्मृतिदिनाला पार्टीतले जुने लोक जमणार होते आणि त्यांची गिटार याच मशीनवर वाजवणार होते. "मोटर फिरते, काका. पण बोललेलं धड येत नाय. खालून बारीक काहीतरी जुनंच येत राहतं. काय ते कळत नाय."

या धंद्यात ज्यानं आठ दिवस काढलेत, त्याला हे ऐकूनच कळेल. पुसणारं हेड टेपला टेकत नव्हतं. टेकत नसलं की जुनं पूर्ण जात नाही, नव्याच्या खाली उरतं. मी म्हणालो, उद्या ये.

ती गेल्यावर पेटी उघडली. एका स्क्रूचं काम होतं. तो ढिला होऊन पुसणारं हेड केसभर मागं सरकलं होतं. पिळला की झालं. पण काय उरलंय ते ऐकावं म्हणून मी हेडफोन लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. आधी नुसता सर्रर आवाज. मग गिटारचे तीन-चार सूर, कुणी तार जुळवताना काढतं तसे. आणि त्यांच्याखाली मिलिंद.

हॅलो.

टेपचा गोल सात सेकंदांचा. सात सेकंदांनी पुन्हा, हॅलो. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मशीन तपासताना माणूस म्हणतो तसं सरळ म्हटलेलं. मी किती वेळ ऐकत बसलो ते सांगता येणार नाही.

माझ्या खिशात फोन होता. रेकॉर्ड करून ठेवायला एक बोट लागतं. तो गोल काढून पाकिटात घालायचा आणि दुसरा लावायचा, तेही दहा मिनिटांचं काम. उद्या तिला म्हणायचं, पोरी, हा तुझ्या वडिलांचा आवाज आहे, जपून ठेव. हे सगळं मला तेव्हाच सुचलं होतं. नंतर सुचलं असं मी लिहिणार नाही. पण ती विचारील, पप्पा हॅलो का म्हणतात. त्यांच्या घरात कोणीच माईकवर हॅलो म्हणत नसणार. मग काय सांगायचं?

मी हेडफोन न काढता स्क्रू पिळला. शेवटचं एकदा हॅलो आलं. मग टेप फिरून पुसणाऱ्या हेडवरून गेली आणि नंतर काही आलं नाही. सात सेकंद लागले. त्याच्या घरी त्याचे व्हिडिओ असतील, फोनमध्ये गाणी असतील. ती सगळी त्यांची. हा एक शब्द माझ्या नावचा होता, आणि तो मी पुसला. काम मात्र चोख झालं. इतकं साफ मशीन माझ्या हातून दहा वर्षांत सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आली. मी मशीन सुरू केलं आणि पद्धतीप्रमाणं माईक तिच्या हातात दिला. म्हणालो, बोल.

"हॅलो," ती म्हणाली.

लो... लो... लो...

"साफ येतंय," ती म्हणाली. अगदी त्याच्यासारखं.

मी एक खुंटी उगाच फिरवून पुन्हा जागेवर आणली.

ती हसली. "गंमत माहितीय का काका? पप्पा कुठल्याबी माईकवर जय भीमच म्हणायचे. लग्न असो, मीटिंग असो. ह्या एकाच मशीनवर हॅलो. मी लहानपणी विचारलं होतं, असं का? तर म्हणाले, हे मशीन हॅलोवरच चालतं. ज्यानं बनवलं त्यानंच तसं सांगितलंय. मी आता फिजिक्स शिकवते. तेव्हापासून मनात आहे, तुम्ही भेटलात की विचारायचं. खरंच असं काही असतं का?"

मुलीसमोर त्यानं माझं नाव खराब केलं नव्हतं. मी जे केलं त्याला त्यानं मशीनची सवय करून टाकलं आणि वीस-पंचवीस वर्षं स्वतः पाळत राहिला. आता ती माझ्यासमोर बसून सरळ प्रश्न विचारत होती. दुकानात कोणी नव्हतं. मामा केव्हाच वारले होते, मंडळवाले नव्हते, कसलंही काम अडकलेलं नव्हतं. घाबरायला एकही कारण शिल्लक नव्हतं.

मी म्हणालो, "असतं ना. शब्दाच्या सुरुवातीला 'ह' असला की आधी नुसती हवा जाते. हेडला तेवढी उसंत मिळते. 'ज' आणि 'भ' जड अक्षरं, ती एकदम आदळतात. जुन्या हेडला ते झेपत नाही, आवाज फाटतो."

तीस वर्षं इको आणि घुमारा समजावून सांगताना माझी जीभ जेवढी सफाईनं चालली नव्हती, तेवढी तेव्हा चालली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वर्गातल्या पोराचं उत्तर ऐकावं तसं. मग माईक उचलला, आणि माझ्याकडं बघतच म्हणाली,

"जय भीम."

भीम... भीम... भीम...

कुठंही फाटलं नाही. प्रत्येक वेळी थोडं हळू, पण स्वच्छ, अक्षर न् अक्षर वेगळं. मी चार महिने खपून जसं बनवलं होतं, तसंच.

शेवटचा भीम विरेपर्यंत ती थांबली. मग माईक काउंटरवर ठेवला, वायरीची घडी घातली आणि मशीन कापडात गुंडाळलं.

"चालतं की हो, काका," ती म्हणाली.